फाळक्याचा खटका

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या परक्या पिकअपचा मागचा फाळका उघडायचा, पुन्हा लावायचा आणि कान देऊन ऐकायचं, असं करणाऱ्या माणसाला कुठल्याही गावात चोर समजतात. या गावात त्याला खटक्याच्या कारखान्यातला समजत.

गाडीचा मालक ओरडत आला तरी कारखान्यातला माणूस दचकत नसे. उलट मालकाच्याच खांद्यावर हात ठेवून तो विचारी, "ऐकलंत?" मालकाने काही ऐकलेलं नसे. मग त्याला समजावण्यात येई की फाळका बंद होताना जो 'खट्' असा आवाज होतो, 'खडाक्' नव्हे, 'ठण्' नव्हे, तर 'खट्', तो आमचा. खटका आम्ही करतो. गाडी तुमची असेल, आवाज आमचा आहे. गावातले जुने पिकअपवाले आता ओरडतही नसत. एकाने तर फाळक्यावर पाटीच रंगवून घेतली होती, 'ऐकून झाल्यावर नीट लावा'.

हा 'खट्' मुळात फोरमनचा. ते साधे फिटर होते तेव्हाची गोष्ट. त्या काळी खटका 'खडाक्' करी आणि कंपनीचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, कारण ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण काही लोकांना जसं ताटावर चमचा घासलेलं सहन होत नाही, तसा फोरमनना तो आवाज सहन होईना. एक दिवस त्यांनी खटक्याच्या जिभेला आतल्या कडेवर कानशीचे तीन हात मारून पाहिले. दोन तिरके, एक आडवा. 'खडाक्'चा 'खट्' झाला. ड्रॉइंगमध्ये हे तीन हात कधीच आले नाहीत, कारण ड्रॉइंग बदलायला मुख्य कार्यालयाची परवानगी लागते आणि मुख्य कार्यालयाला आवाज दिसत नाही. पण शेवटच्या टेबलावरून तेव्हापासून एकही खटका त्या तीन हातांशिवाय पेटीत गेला नाही. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी हे तीन हात शिकवत, कामावर यायची वेळ नंतर सांगत.

मध्ये एकदा सीमेपलीकडच्या एका कारखान्यातली काही मंडळी इथे शिकायला आली होती. ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच दाखवा, असं मॅनेजरने बजावलं होतं. फोरमननी तेवढंच दाखवलं आणि ते लवकरच दाखवून संपलं. उरलेले दिवस पाहुणे नुसते बघत उभे राहिले. त्यांतली डोक्याला निळा रुमाल बांधलेली एक डावखुरी बाई सारखी शेवटच्या टेबलापाशी येऊन उभी राही. एकदा तिने आपण होऊन कानस उचलली आणि जिभेवर असे काही हात मारले की फोरमनच्या अंगावर काटा आला. कारखान्याचं गुपित सांगू नये हे त्यांना शंभर टक्के मान्य होतं. पण डोळ्यांदेखत कानस चुकीची चालू द्यायची, इतकं घट्ट काळीज त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांनी तिच्या हातातून कानस घेतली. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे शिकवणी फार स्वच्छ झाली. निघताना तिने एक खटका कानाशी धरून लावून पाहिला आणि मान डोलावली. फोरमननी ही हकिगत घरी सांगितली ती एवढीच, की निळ्या रुमालाची एक बाई आली होती, त्यांच्याकडे कानस कशी धरतात देव जाणे. मग ते विसरूनही गेले.

घरी दोन बायका होत्या, एक बायको आणि एक मुलगी, आणि दोघींचाही फोरमनना मनातून अभिमान होता. मनातून अशासाठी, की तोंडावर सांगितला तर दोघी काहीतरी मागतील अशी त्यांना धास्ती होती.

बायकोची नर्सरी होती. परसातल्या चार कुंड्यांपासून सुरुवात करून तिने ती थेट कालव्यापर्यंत पोचवली होती, आणि गावात कुठे झाड जगत नसेल तर लोक तिला बोलावून न्यायचे, डॉक्टरला नेतात तसे. आता तिला मोठं काम मिळालं होतं. डोंगरावर नवीन हॉस्पिटल उभं राहत होतं आणि त्याची सगळी बाग तिने लावायची होती. अडचण रोपं वाहून नेण्याची होती. ती भाड्याच्या टेम्पोने जात, आणि टेम्पोवाला ब्रेक असा मारी की जणू ब्रेकवर त्याला काही जुना सूड उगवायचा आहे. रोपं मुक्कामाला पोचत ती माना टाकून. तिला स्वतःची पिकअप हवी होती. नवी. पैसे तिचे तिने जमवले होते आणि त्याबद्दल कुणाला विचारायचं तिला कारण नव्हतं.

फक्त फाळक्याचं तेवढं विचारायला हवं होतं. या घरात असा रिवाजच होता, की ज्या वस्तूला दार, झाकण किंवा फाळका असेल ती फोरमननी लावून ऐकल्याशिवाय घरात येत नसे. फ्रिज घेताना त्यांनी दुकानातल्या प्रत्येक फ्रिजचं दार लावून पाहिलं होतं आणि दुकानदाराने शेवटी खुर्ची आणून दिली होती. बायको या रिवाजावर चारचौघांत हसायची, पण एकदाही तिने तो मोडला नव्हता. आणि एक गोष्ट तीही जाणून होती, की ते आवडलं-नावडलं खोटं सांगतील, पण खटक्याबद्दल खोटं सांगणार नाहीत.

मुलगी गावातल्या शोरूममध्ये त्याच पिकअप विकायची. तिच्या कार्डावर 'विक्री सल्लागार' असं छापलेलं होतं. फोरमन लोकांना सांगत, आमची मुलगी आमचा आवाज विकते.

अशात सरकारने बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर आणि गाड्यांच्या सुट्या भागांवर भलंमोठं आयातशुल्क लावलं. बातमी आली त्या दिवशी गाव अर्थशास्त्रज्ञांनी भरून गेलं. सलूनमध्ये दाढीला बसलेला माणूस एका गालाने शुल्काच्या बाजूचा आणि दुसऱ्या गालाने विरोधातला होऊन बाहेर पडू लागला.

फोरमनच्या दोन्ही गालांवर समाधान होतं. त्यांचा हिशेब सरळ होता. शुल्क परक्या गाड्यांवर. आपली पिकअप आपली. म्हणजे परक्या महागणार, आपली आहे तिथेच राहणार, आणि लोक आपलीच घेणार. पिकअपच्या जाहिरातीत एक दणकट दंडाचा माणूस नांगरलेल्या जमिनीत उभा राहून क्षितिजाकडे बघत असे आणि त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असे, 'आपली माणसं, आपली गाडी'. याहून जास्त पुरावा फोरमनना नको होता.

मुलीने पहिल्याच दिवशी आईला सांगितलं, आत्ता घे. यार्डात शुल्काच्या आधी आलेल्या गाड्या आहेत तोवर जुनी किंमत. पुढची खेप आली की संपलं. फोरमननी तिला मध्येच थांबवलं आणि म्हणाले, घाई कसली, आपल्या गाडीला काय धक्का लागतोय. उलट आता सगळे घाबरून उड्या मारतील, आपण शांतपणे नंतर घेऊ, त्याच किमतीत, आणि ऐटीत. आपलाच आपल्या मालावर विश्वास नाही असं दिसायला नको. बायकोने एक आठवडा थांबायचं कबूल केलं. रोपांना मुळं धरायला तेवढा वेळ हवाच होता, म्हणून.

हे घरातल्या घरात राहिलं असतं तर निभावलं असतं. पण फोरमननी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये, सगळे जेवायला बसलेले असताना, ताट बाजूला सारून जाहीर केलं की आपल्या पिकअपची किंमत एका पैशाने जरी वाढली तर या कँटीनचे चहाचे कप मी महिनाभर विसळीन.

कँटीनवाल्या मावशी तेव्हा कपच विसळत होत्या. त्यांनी नळ बंद करून ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

त्या रविवारी दुपारी मुलीने बापाला आयातशुल्क समजावून सांगायचं मनावर घेतलं. फोरमन वर्तमानपत्र पसरून, पुढ्यात खाऱ्या शेंगदाण्यांची बशी घेऊन बसले होते. तिने मिठाची डबी उचलली. ही म्हणजे तुमचा खटका, ती म्हणाली. वर्तमानपत्राची कड ही सीमा. खटका इथे तयार होतो आणि मुलामा द्यायला पलीकडे जातो. तिने डबी कडेपलीकडे सरकवली. मुलामा होऊन तपासणीसाठी परत येतो. तिने डबी अलीकडे आणली आणि बापाच्या बशीतले चार शेंगदाणे उचलून तोंडात टाकले. मग फाळक्यावर बसायला पुन्हा पलीकडे, कारण गाडीची जोडणी तिकडे होते.

"आपली गाडी तिकडे जोडतात?" फोरमन म्हणाले.

मुलगी म्हणाली, कितीतरी वर्षं. फाळका लागतो, गाडी पुरी होते आणि गाडी इकडे येते. डबी अलीकडे आली आणि या वेळी मूठभर शेंगदाणे गेले. शिवाय तिकडच्यांनी रागावून आपल्या खटक्यावरही शुल्क लावलंय, असं म्हणत तिने डबीने जाताना केलेल्या प्रवासाचेही शेंगदाणे वसूल केले. स्टिअरिंगची गोष्ट वेगळी, तारांची वेगळी, सीटची आणखी वेगळी. स्टिअरिंग तीन देश बघून आलेलं असतं, तेवढे आपल्या घरात कुणी पाहिलेले नाहीत.

बशीत सालपटं उरली होती. फोरमननी बशी वाकडी करून पाहिली.

"पण शुल्क बाहेरच्यांनी भरायचं ना," ते म्हणाले. "शेंगदाणे तर माझे होते."

"तेच तर सांगतेय, बाबा."

फोरमननी वर्तमानपत्राची घडी घातली. सीमा नाहीशी झाली, शेंगदाणे परत आले नाहीत.

आठवड्याच्या शेवटी कंपनीने नव्या किमती जाहीर केल्या. वाढ एवढी होती की तेवढ्यात फोरमनच्या घराचं छप्पर बदलून झालं असतं आणि वर पन्हाळीही बसली असती. कंपनीने पत्रकात म्हटलं होतं की ग्राहकांच्या हितासाठी वाढ शक्य तितकी कमी ठेवली आहे. कारखान्यात त्या दिवशी जो तो फोरमनच्या हातांकडे बघून जाई. मावशींनी फक्त एक नवा घासणीचा तुकडा खिळ्याला टांगून ठेवला, दिसेल अशा जागी.

फोरमन त्या दिवशी कँटीन टाळून घरी जेवायला आले होते, तेवढ्यात मुलीचा फोन आला. यार्डात जुन्या किमतीची एकच गाडी उरली आहे. नव्या मॉडेलची आहे, आणि उरली आहे ती रंगामुळे. कंपनीने त्या रंगाला काहीतरी सूर्यप्रकाशाचं नाव दिलंय, पण प्रत्यक्षात ती शिजून शिजून पिवळ्या पडलेल्या वाटाण्यासारखी दिसते. उद्यापासून मालक तिच्यावरही नवी किंमत चिकटवणार. आणखी एक गिऱ्हाईक येऊन बसलंय. लगेच या.

फोरमनना जायचं नव्हतं. कारखान्यात काम आहे, असं ते म्हणाले. बायको तोवर चपला घालून दारात उभी होती. ती म्हणाली, फाळका कोण ऐकणार मग, मी? तिथे मात्र ते उठले.

शोरूमच्या मागच्या यार्डात, धुतलेल्या फरशीवर, ती पिवळी एकटीच उभी होती. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत एक गॉगलवाला माणूस बसला होता. त्याला पिकअपमधून काहीही न्यायचं नव्हतं. कालपर्यंत त्याला पिकअप नकोच होती. पण किंमत वाढणार असं कळल्यावर त्याला तिची गरज निर्माण झाली होती. मुलीने त्याला तोंडभर हसून सांगितलं होतं की आधीचं गिऱ्हाईक नाही म्हणालं तर गाडी तुमची, आणि तो मोठ्या आशेने आधीच्या गिऱ्हाइकाकडे बघत होता.

बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली. आतला हौदा वितीने मोजला, पाय देऊन चढून पाहिलं, कुंड्यांच्या रांगा मनात लावून झाल्या. रंगाबद्दल तिने एवढंच म्हटलं की उभ्या झाडांत उभी केली तर सापडेल तरी. मग ती बाजूला झाली आणि तिने फोरमनकडे पाहिलं.

फोरमननी फाळका उघडला, सोडला, लावला.

'थप्'.

त्यांनी पुन्हा लावला. 'थप्'. उशीवर बुक्की मारावी तशी. गॉगलवाल्याला काही कळलं नाही, पण फोरमनचा चेहरा बघून त्याने मान खाली घातली, एखाद्याच्या घरची वाईट बातमी आपल्यासमोर फुटली की घालतात तशी.

"ही आपली नाही," फोरमन म्हणाले.

मुलगी जवळ आली आणि हळू आवाजात तिने सांगितलं ते तिला बरेच दिवस सांगायचं होतं. नव्या मॉडेलचा एकही खटका इथून जात नाही. ड्रॉइंग तेच, पण नव्या मॉडेलचं काम कंपनीने पहिल्यापासून पलीकडच्या कारखान्याला दिलंय. इथून जाणाऱ्या पेट्या सगळ्या जुन्या मॉडेलच्या. पेटीवर तसं लिहिलेलं नसतं, आणि तुम्ही कुणी विचारलं नाहीत.

फोरमन फाळक्याला हात लावून उभे राहिले. किंमत वाढली हे त्यांनी सोसलं होतं. कप विसळण्याचीही त्यांनी मनातल्या मनात तयारी केली होती. पण पिकअप बघावी आणि ती परक्या आवाजात बोलावी, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते म्हणाले की आपण जुन्या मॉडेलची बघू, दुसऱ्या गावात असेल एखादी. मुलगी म्हणाली, जुनं मॉडेल बंद होतंय, यार्डात कुठेच नाही, मी सगळीकडे विचारून बसलेय. मग ते म्हणाले, तर थांबू. बायकोने त्यांना पुरं बोलू दिलं.

"मला रोपं न्यायचीत," ती म्हणाली. "आवाज नाही न्यायचा."

नंतर ती थोडी पुढे आली, आणि तिचा स्वर बदलला. हा स्वर ती नर्सरीत वापरायची, कुठलं झाड वाचेल आणि कुठलं नाही हे ठरवताना.

"अहो, एकच सांगा. हॉस्पिटलचा घाट चढताना, मागे कुंड्या गच्च भरलेल्या असताना, हा फाळका उघडेल का? तुम्ही भरवसा नाही म्हणालात तर नाही घेत. टेम्पोने नेईन. पण गाडी चढाला लागली आणि मागे फाळका सुटला, तर मला पुन्हा तिथे तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

आता सगळं फोरमनच्या एका शब्दावर होतं. 'भरवसा नाही' एवढंच म्हणायचं होतं. गॉगलवाला गाडी घेऊन गेला असता, ही परकी 'थप्' घराच्या अंगणात रोज ऐकावी लागली नसती, आणि त्यांना कुणी खोटारडाही म्हणू शकलं नसतं, कारण न पाहिलेल्या वस्तूचा भरवसा नसतोच. 'भर' एवढं त्यांच्या ओठांवर येऊनही गेलं. पण न उघडलेल्या खटक्याबद्दल त्यांनी जन्मात मत दिलं नव्हतं. आणि ज्या बाईने त्यांना हे विचारलं होतं, तिने त्यांच्या कानावर विश्वास ठेवून आयुष्यभर दारं विकत घेतली होती.

"खोलून बघावा लागेल," ते म्हणाले.

मुलीने मालकाच्या केबिनकडे पाहिलं. मालक जेवायला गेला होता. न विकलेल्या गाडीचा खटका खोलला तर वॉरंटी जाईल, असं ती म्हणाली.

"वॉरंटी मी देतो. स्क्रू-ड्रायव्हर आण."

ती घेऊन आली. बापाला दोन-चार गोष्टींना नाही म्हणता येतं आणि दोन-चार गोष्टींना येत नाही, एवढं सल्लागार म्हणून तिला कळत होतं.

फोरमन फरशीवर मांडी घालून बसले. स्क्रू सोडवताना त्यांच्या लक्षात आलं की फाळक्याच्या चौकटीला सगळीकडून रबराची जाड पट्टी बसवलेली आहे, धूळ आत येऊ नये म्हणून. जुन्या मॉडेलला ती नव्हती. खटका सुटून हातात आला. तो त्यांनी तळहातावर तोलला, जीभ अंगठ्याने दाबली आणि सोडली. स्प्रिंग जोरकस होती. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरची दांडी खटका ज्यावर अडकतो त्या अडण्यासारखी धरली आणि खटका तिच्यावर लावला.

'खट्'.

फोरमननी खटका सोडवला आणि परत लावला. 'खट्'. 'थप्' रबराची होती. खाली, आत, आवाज तोच होता, वर पांघरूण घातलं होतं इतकंच.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जीभ उन्हात धरली. आतल्या कडेवर कानशीचे तीन हात होते. दोन तिरके, एक आडवा. ड्रॉइंगमध्ये नसलेले. फक्त ते उलट होते. इथल्या कारखान्यात तिरके हात उजवीकडून डावीकडे उतरतात, हे डावीकडून उजवीकडे उतरत होते, आरशात बघावं तसे.

फोरमन हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. गॉगलवाला खुर्ची जराशी मागे घेऊन बसला. पलीकडचा अख्खा कारखाना कानस उलटी मारत होता. सगळे काही डावखुरे नसणार. पण जिने शिकवलं ती डावखुरी होती, आणि तिने दाखवलं तसं सगळ्यांनी मारलं, कुणी विचारलं नाही, अगदी फोरमनच्या माणसांनी फोरमनना विचारलं नव्हतं तसंच. तिकडेही नवा माणूस लागला की आधी त्याला हे तीन हात शिकवत असणार, आणि कामावर यायची वेळ नंतर सांगत असणार. तिकडेही मुख्य कार्यालयाला आवाज दिसत नसणार. आता लोखंडावर शुल्क होतं, रबरावर होतं, मुलाम्यावर होतं, जाताना होतं, येताना होतं. या तीन हातांचा मात्र कस्टमवाल्यांना पत्ता नव्हता. ते इकडून गेले होते आणि फिरून घरी आले होते.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"घे," फोरमन म्हणाले. "उघडणार नाही."

"कशावरून?"

"मी शिकवलंय."

बायकोने तो तुकडा हातात घेतला आणि उन्हात फिरवून पाहिला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती लक्ष देऊन पाहत राहिली. मग तिला आठवलं.

"ती निळ्या रुमालाची? जिला कानस धरता येत नव्हती?"

"आता येते," फोरमन म्हणाले, आणि त्यांनी चष्मा खाली ओढला, जरा जास्तच खाली, आणि स्क्रू शोधायला लागले. स्क्रू त्यांच्या समोरच ठेवलेले होते.

मुलगी गॉगलवाल्याची समजूत घालायला गेली. तिने त्याला एक छोटी लाल गाडी दाखवली, जिच्यात काहीच न्यायला जागा नव्हती. त्याला ती फार आवडली. बायकोने पैसे भरले, किल्ली घेतली आणि पिवळी स्वतः चालवत बाहेर काढली. फोरमन तिच्या शेजारी छाती काढून बसले होते, जाहिरातीतल्या माणसासारखे, फक्त दंड तेवढे दणकट नव्हते. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली आणि उतरून फाळका लावून पाहिला. दुसऱ्यांदा ते म्हणाले, थप् पण वाईट नाही. पुढच्या चौकात बायकोने ब्रेक असा अलगद मारला की हौद्यात मापाला म्हणून आणलेली रिकामी कुंडी जागची हलली नाही. तो फोरमनना ऐकू आला नाही. ऐकू न येणं हेच त्या ब्रेकमधलं कौतुकाचं होतं, हे त्यांच्या थोडं उशिरा ध्यानात आलं, आणि त्यांनी ते, धास्ती बाजूला ठेवून, तोंडाने बोलून दाखवलं. बायकोने लगेच हौद्यावर ताडपत्री मागितली.

सोमवारी फोरमन कँटीनच्या मोरीशी उभे राहिले. बाह्या सरसावलेल्या, पुढे मावशींचा ॲप्रन. कारखाना ही गंमत बघायला लवकर जेवायला आला होता. फोरमननी कुणाच्या नजरेला नजर देणं टाळलं नाही. बोललो होतो, चुकलो, विसळतोय, असं त्यांनी सांगितलं आणि ते इतक्या रुबाबात सांगितलं की चिडवायला आलेल्या दोघातिघांना काय करावं ते कळेना. एकाने जाऊन आणखी एक चहा घेतला, मुद्दाम, कप वाढावा म्हणून.

बायको फाटकाशी पिवळी घेऊन आली होती. हॉस्पिटलला पहिली खेप निघाली होती आणि हौदा रोपांनी हिरवागार भरलेला होता. शेवटच्या टेबलावरची माणसं साहजिकच बाहेर धावली. खिडकीतून फोरमनना सगळं ऐकू येत होतं. फाळका उघडला. लागला. 'थप्'. मग दुसऱ्याने लावून पाहिला. तिसऱ्याने. बरीचशी माणसं मयतीहून आल्यासारखी परत आली आणि त्यांतला सगळ्यात जुना फिटर मोरीपाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण हा आपला नाही.

"आपलाच आहे," फोरमन साबणाच्या हातांनी म्हणाले. "फक्त तो डावखुरा आहे."

आणि मग त्यांनी निळ्या रुमालाच्या बाईची गोष्ट सांगायला घेतली. मॅनेजर दारात उभा होता. त्याने कधीकाळी काय बजावलं होतं ते त्याला आठवलं असावं, पण तोही ऐकत राहिला, आणि शेवटी त्याने आपला कप स्वतःच नळाखाली धरला. जुन्या फिटरने गोष्ट संपल्यावर विचारलं, म्हणजे तिकडच्या सगळ्या गाड्यांतसुद्धा? फोरमन म्हणाले, सगळ्या. फिटर म्हणाला की एकदा तिकडे जाऊन रस्त्यातल्या गाड्यांचे फाळके लावून बघायला हवेत. तिथल्या लोकांना काय वाटेल याचा त्याने विचार केलेला दिसला नाही.

बाहेर हॉर्न वाजला, दोनदा. तुमची गोष्ट झाली असेल तर माणसं फाळक्यापासून बाजूला करा, असा बायकोचा निरोप आला. रोपांना ऊन लागतंय.

मावशींनी विसळलेला एक कप उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि मोरीत परत ठेवला. आतल्या कडेला चहाचा डाग राहिला होता. फोरमननी तो उचलला. घासणी त्या कडेवर लावली, दोन हात तिरके मारले, एक आडवा, आणि कप पालथा घातला.

मावशींनी पुन्हा उजेडात धरून पाहिलं, आणि या वेळी तो फळीवर ठेवला.